लक्झरी फिनिशमध्ये सध्या काय चाललंय, आणि ठाण्याच्या फ्लॅटमध्ये त्यातलं काय टिकेल

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. घोडबंदर रोडला 14व्या मजल्यावर नवीन थ्री बीएचके, घरात सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, शाळेत जाणारी दोन मुलं, आणि डिझायनरने सुचवलंय ते असं: हॉल-पॅसेजला इटालियन मार्बल, टीव्हीच्या भिंतीला उभ्या खाचांचं फ्लूटेड पॅनल, मास्टर बेडरूमच्या बाथरूमला मायक्रोसिमेंट (सिमेंटचा पातळ, बिनजोडाचा लेप), मुलांच्या खोलीत वुडन फ्लोअरिंग आणि देवघरामागे लाइट लावलेला ऑनिक्स, म्हणजे उजेड आरपार जाणारा दगड. तुमचं विचारणं एवढंच की यातलं सध्या खरंच काय चालतंय आणि दहा वर्षांनी कशाचा पश्चात्ताप होणार नाही. मी वीसेक वर्षं मुंबई, पुणे, गोवा या पट्ट्यात फिनिशिंगचीच कामं घेतोय, गवंडी, लादीवाले, पॉलिशवाले सगळे रोजच्या उठण्याबसण्यातले, त्यामुळे साइटवर जे दिसतं तेच लिहितो, लांबेल जरा पण वाचा.

आधी ट्रेंडचं. सगळ्यात मोठा बदल म्हणजे चकाकी मागे पडली. पूर्वी फरशीत तोंड दिसलं की काम चांगलं झालं असं धरायचे, आता क्लायंट आल्या आल्या वाकून हात फिरवून बघतो. दगडात होन्ड (गुळगुळीत पण बिनचकाकीचं) आणि लेदर (हाताला किंचित उंचसखल लागणारं) फिनिश मागतात, गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्समध्येसुद्धा हाय ग्लॉसपेक्षा मॅट, सॅटिन आणि ते हाताला शीर जाणवणारं कार्व्हिंग फिनिश जास्त जातंय. रंगात थंड ग्रे बराच मागे गेला, त्याच्या जागी माती, वाळू, बदामी, विटकरी, शेवाळी असे रंग आले. ट्रॅव्हर्टिन हा बारीक छिद्रांचा दगड परत आलाय, टेराझो म्हणजे आपला मोझॅक परत आलाय, चुन्याचा गिलावा परत आलाय. आणि एका खोलीत पाच मटेरियल जमवण्यापेक्षा एकच मटेरियल फरशीवरून भिंतीवर चढवायचं, जॉइंट कमीत कमी ठेवायचे, ही पद्धत मोठ्या घरांत चांगलीच रुळली आहे.

आता माझं म्हणणं काय ते सरळ सांगून टाकतो. फिनिश म्हणजे वरचे दोन मिलिमीटर ते फार तर दोन सेंटिमीटर, आणि ते टिकतं खालच्या बेसवर, ओल अडवलीय की नाही यावर आणि करणाऱ्याच्या हातावर. बजेट बसत नसेल तर मटेरियलचं नाव एक पायरी खाली आणा, पण बेस, वॉटरप्रूफिंग आणि कारागीर यांच्यात एक रुपया कापू नका. महागडा दगड वाईट बसवलेला मी कितीतरी घरांत बघितलाय आणि साधा कोटा दगड उत्तम घासून बसवलेला, त्यावरून चालताना मन प्रसन्न होतं, असंही बघितलंय.

इटालियन मार्बलपासून सुरू करू, कारण त्यातच तुमचे सगळ्यात जास्त पैसे जाणार आहेत. बाजारात बाहेरून आलेल्या जवळपास सगळ्याच मार्बलला इटालियन म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात स्टॅच्युआरिओ, करारा, बोटिचिनो हे इटलीचे, पण डायना तुर्कस्तानचा, क्रेमा मार्फिल स्पेनचा, व्होलाकस ग्रीसचा, ओमान बेज तर नावातच सांगतो. यात फसवणूक आहे असं नाही, फक्त ‘इटालियन आहे’ एवढ्यावर भाव ठरवू नका, दगडाचं नाव आणि लॉट विचारा. माल बघायला सिल्वासा किंवा किशनगढला गेलात तर उत्तम, इंपोर्टेड मालाची कटाई आणि पॉलिशची मोठी कामं तिथेच होतात. फोटोवरून स्लॅब घेऊ नका. प्रत्येक स्लॅब उभा करून बघा, मागून टॉर्च मारा, जिथून उजेड रेषेत आरपार येतो तिथे भेग आहे, मागची जाळी आणि रेझिन बघा. भेगा असणं हा दोष नाही, या दगडात असतातच, त्या भरूनच तो विकला जातो, पण किती आहेत आणि कुठे आहेत ते तुम्हाला माहीत हवं. पसंत केलेल्या स्लॅबवर तुमची सही आणि नंबर घाला, फोटो काढा, आणि कटिंगमध्ये पंधरा-वीस टक्के माल वाया जाणार हे धरून मागवा, बुकमॅच, म्हणजे शेजारच्या दोन स्लॅबच्या शिरा आरशासारख्या जुळवायच्या असतील तर अजून थोडा जास्त.

बसवताना दोन गोष्टींवर मी अडून बसतो. पहिली म्हणजे ड्राय ले. सिमेंट लावायच्या आधी सगळे तुकडे कोरडे जमिनीवर मांडून शिरा जुळवायच्या, हॉलच्या दारातून बघायचं, सोफा कुठे येणार, मधली शीर कुठून जाते ते बघून मग प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकायचा. याला एक-दोन दिवस जातात म्हणून लादीवाले टाळतात, टाळू देऊ नका. दुसरी म्हणजे पांढऱ्या किंवा फिक्या दगडाखाली व्हाइट सिमेंट आणि धुतलेली स्वच्छ वाळू. साध्या सिमेंटचा काळपटपणा फिक्या दगडातून वर दिसतो आणि वाळूत, पाण्यात लोह असेल तर वर्षभरात पिवळे डाग उमटतात जे कुठल्याच पॉलिशने जात नाहीत. बसवल्यावर सुतारकाम संपेपर्यंत वर प्लास्टिक आणि त्यावर पीओपीचा थर देऊन ठेवायचं आणि शेवटचं पॉलिश सगळ्यात शेवटी करायचं. खालचा ओलावा निघून जायला वेळ द्या, घाईघाईत एपॉक्सी भरून पॉलिश मारलं की तो ओलावा आतच अडकतो.

आता जे दुकानात कोणी सांगत नाही ते. मार्बल हा चुन्याचाच दगड, कडकपणात मोहच्या मापावर साधारण 3, आणि आपल्या चपलेला चिकटून येणारी वाळू 7. म्हणजे पॉलिश घासली जाणारच, काही वर्षांनी परत करावी लागणारच. आणि आंबट पदार्थ त्याला खातो. इथे लोक डाग आणि चट्टा यात गल्लत करतात. हळद, चहा, तेल, कुंकू यांचा डाग आत शोषला जातो, त्याला सीलरने बऱ्यापैकी अडवता येतं. पण लिंबू, चिंच, कोकम, दही, व्हिनेगर पडलं तर दगडाचा वरचा थरच विरघळतो आणि तिथे पांढुरका निस्तेज चट्टा राहतो, सीलर असला तरीही, कारण तो डाग नाहीच मुळी. सत्यनारायणाला चौरंगाखाली पंचामृत सांडलं आणि आरती, तीर्थप्रसाद होऊन दोन तासांनी पुसलं की वाटीच्या बुडाएवढा गोल कायमचा उमटलेला असतो, असा गोल मी पाच-सहा तरी घरांत बघितलाय. होन्ड फिनिशमध्ये हा चट्टा कमी डोळ्यात भरतो, मिरर पॉलिशमध्ये ठळक दिसतो. म्हणून हॉलला मार्बल हवाच असेल तर होन्ड घ्या, किचन आणि डायनिंगच्या खाली नको, आणि फरशी पुसायला आंबट किंवा ॲसिडवालं लिक्विड घरात आणूच नका. मावशींना हे स्वतः नीट समजावून सांगा, बाटलीवर ‘फ्लोअर क्लीनर’ लिहिलेलं असलं तरी आतलं मार्बलला चालतंच असं नाही.

दुसरा मुद्दा वजनाचा. 18 मिलिमीटरचा मार्बल आणि खाली दोन इंचाचा मसाला मिळून स्क्वेअर फुटाला साधारण 14 किलो होतात. बिल्डरने दिलेली व्हिट्रिफाइड टाइल न काढता त्यावरच हे टाकायचा विचार असेल तर तो सोडा, वजनही वाढतं आणि सगळे दरवाजे खालून कापावे लागतात. काढून टाकायचं असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि तोडताना ब्रेकर किती जोरात चालतोय यावर लक्ष ठेवा. तुमच्या खाली कोणाचं तरी सीलिंग आहे.

याला पर्याय म्हणून सध्या जे जोरात चाललंय ते म्हणजे मोठे पोर्सेलेन स्लॅब, 1200 बाय 2400, 1600 बाय 3200 मिलिमीटर असे. आणि खरं सांगतो, तुमच्या घरासाठी मला हा पर्याय जास्त पटतो. पाणी अर्धा टक्कासुद्धा शोषत नाही, लिंबू-हळदीचं भय नाही, 9 मिलिमीटरचा स्लॅब जुन्या टाइलवर चांगल्या ॲडहेसिव्हने बसू शकतो, अर्थात खालची टाइल पोकळ वाजत नसेल आणि लेव्हल बरोबर असेल तरच. ठोकून बघायला लाकडी हातोडी पुरते, पूर्ण खोली ठोकायची, जिथे भद्द आवाज येतो ती टाइल काढून तिथे भरून घ्यायचं. दगडाच्या जवळ जाणारे डिझाइन आता मिळतात, फक्त किती वेगवेगळे चेहरे आहेत ते विचारा, म्हणजे एकच शिरांचं चित्र किती स्लॅबनंतर परत येतं ते. दोन-तीनच चेहरे असतील तर हॉलमध्ये लगेच कळतं की छापील आहे.

पण या स्लॅबमध्ये एक गोष्ट आहे जी ऑर्डर दिल्यावर लक्षात येते आणि मग सगळ्यांचीच तारांबळ उडते, ती म्हणजे लिफ्ट. आठ फुटांचा स्लॅब बहुतेक पॅसेंजर लिफ्टमध्ये उभा जात नाही, आणि जिन्याच्या वळणावर तो वळवायला जागा लागते. 1600 बाय 3200 चा तर 6 मिलिमीटरमध्येसुद्धा पाऊणशे किलोच्या आसपास जातो आणि तो वाकवला की गेला. तुमच्या बिल्डिंगला सर्व्हिस लिफ्ट असेल तर आतून उंची, रुंदी आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं माप घ्या, नसेल तर 800 बाय 1600 वर थांबा, ते माप फ्लॅटमध्ये छानच दिसतं. बसवताना ॲडहेसिव्ह जमिनीलाही खाचांच्या थापीने आणि स्लॅबच्या पाठीलाही, दोन्हीकडे लावलं पाहिजे, चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून बसवणारा माणूस दिसला तर काम तिथेच थांबवा. गोळ्यांच्या मधली पोकळी म्हणजे जड वस्तू पडली की तडा. आणि पेपर जॉइंटचा, म्हणजे मध्ये फटच न ठेवता बसवण्याचा, हट्ट करू नका. दोन मिलिमीटरचा स्पेसर, भिंतीकडेला स्कर्टिंगखाली झाकली जाईल एवढी जागा, जॉइंटमध्ये त्याच रंगाचं एपॉक्सी ग्राउट. हिवाळ्यात रात्री गार आणि दुपारी तापलेल्या खोलीत टाइल्स अचानक मोठा आवाज करून मधून तंबू झाल्यासारख्या उठतात ते बहुतेक वेळा जागाच न ठेवल्यामुळे.

सासू-सासऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. टाइलच्या बॉक्सवर किंवा डेटाशीटवर आर9, आर10, आर11 असं लिहिलेलं असतं, आकडा मोठा तेवढी पकड जास्त. हॉल-बेडरूमला आर9 चालतं, बाथरूम आणि ड्राय बाल्कनीला आर10 च्या खाली जाऊ नका, शॉवरच्या जागी आर11 घेतलं तर अजून बरं. मॅट दिसणारी प्रत्येक टाइल पकड देतेच असं नाही, दुकानात तिच्यावर पाणी टाका आणि अनवाणी पाय फिरवून बघा, दुकानदार काही म्हणत नाही. बाथरूमच्या दारात उंच उंबरठा करू नका, उतार नीट काढला तर गरज पडत नाही आणि वयस्कर माणसाचा पाय बरोबर तिथेच अडतो.

आता भिंती, माझा आवडता विषय, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो.

लाइम प्लास्टर म्हणून जे आज इंटिरियरमध्ये महाग विकलं जातं ते आपल्याला नवीन नाही. किल्ल्यांवर दगडी चाकाचा चुन्याचा घाणा बघितला असेल, त्यात चुना मळला जायचा, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असलं काय काय पडायचं, जुन्या वाड्यांच्या भिंती त्याच्यावर उभ्या आहेत. गोव्यात आणि खालच्या कोकणात देवळांच्या, जुन्या घरांच्या भिंतींवर कावी काम आहे, ओल्या चुन्यावर लाल मातीचा थर देऊन तो कोरायचा की खालचा पांढरा चुना नक्षी होऊन वर येतो. राजस्थानात आरायिश, तमिळनाडूत चेट्टिनाड, इटलीत व्हेनेशियन, मोरोक्कोत ताडेलाक्त, सगळ्यांचं मूळ तेच, भिजवून मुरवलेला चुना आणि घोटाई. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो, म्हणून त्याला जी खोली येते ती पेंटला येत नाही, उजेड वरून घसरत नाही, थोडा आत जाऊन परत येतो.

आणि घोटाई हे बघण्यासारखं काम आहे. शेवटचा हात एखाद मिलिमीटरचाच असतो. लावल्यावर कारागीर लगेच घोटत नाही, वाट बघतो, मधूनमधून बोटाची मागची बाजू टेकवतो, गार लागलं पाहिजे पण बोटाला चिकटता कामा नये. ती वेळ आली की स्टीलची थापी जवळजवळ सपाट धरून दाब देत फिरवायची, सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग तो बारीक होत जातो आणि शेवटी थापी घसरल्यासारखी सूं सूं वाजायला लागते, तेव्हा पृष्ठभाग बंद झाला असं समजायचं. लवकर घोटलं तर माल उचलला जातो, उशीर झाला तर थापीचे काळे ओरखडे पडतात. दहा फूट बाय नऊ फुटाची भिंत एका दमात करायची असते, मध्ये जेवायला गेलं की जोड दिसतो, म्हणून चांगले लोक दोघं-तिघं मिळून वरपासून खालपर्यंत एकदम येतात. या कामाचे पैसे मालाचे नाहीत, या वाट बघण्याचे आणि दाब देण्याचे आहेत, ते देताना घासाघीस करू नका अशी माझी मनापासून विनंती आहे, असे हात आता कमी राहिलेत.

घेताना खरा चुना आहे की चुन्यासारखा दिसणारा ॲक्रिलिक पेंट आहे ते बघा. नमुन्यावर पाण्याचे दोन थेंब टाका, खऱ्या चुन्यावर, त्यावर मेण किंवा साबण लावलेला नसेल तर, ओली जागा गडद होते आणि सुकली की परत फिकी होते, ॲक्रिलिकवर थेंब मण्यासारखा बसून राहतो. ॲक्रिलिक वाईट असं नाही, पण त्याला त्याच्याच भावाने घ्या. दुसरं म्हणजे रंग. चुना तीव्र अल्कली आहे, त्यात सगळे रंग टिकत नाहीत, गेरू, हुरमुंज, पिवळी माती असे मातीतले, लोहाचे रंग उत्तम टिकतात. आज जी मातकट शेड फॅशन म्हणून दाखवतात ती चुन्यात पहिल्यापासून होती कारण दुसरा इलाजच नव्हता. कोणी तुम्हाला चुन्यात झगझगीत राणी कलर देतो म्हणाला तर सांभाळा.

तुमच्या फ्लॅटमध्ये खरी अडचण अशी येईल की नवीन टॉवरमध्ये आतल्या भिंतींना बहुतेक बिल्डर सिमेंटऐवजी जिप्समचं प्लास्टर करतात, त्यावर पुट्टी, वर प्लास्टिक पेंट. यावर चुना थेट धरत नाही. भिंत खरवडून, योग्य मिनरल प्रायमर मारून मगच बसवावा लागतो, आणि तुमच्याकडे येणाऱ्या माणसाने आधी भिंत ठोकून, खरवडून बघितलीच नाही आणि सरळ स्क्वेअर फुटाचा भाव सांगितला तर तो माणूस नको. शिवाय एएसी ब्लॉक (हलक्या सिमेंटच्या मोठ्या विटा) आणि आरसीसी कॉलमच्या जोडावर केसासारखी भेग येतेच येते, तिथे आधी जाळी लावून घ्या. माझ्या मते हॉलमधली एकच मोठी भिंत, जिच्यावर बाल्कनीचा तिरका उजेड पडतो, ती खऱ्या चुन्याची करा आणि बाकी भिंती साध्या मॅट पेंटच्या ठेवा. मुलांचे हात आणि स्विचबोर्ड जिथे आहेत तिथे नको, चुन्याला तुकड्यात पॅच मारता येत नाही, दिसतोच.

टीव्हीमागच्या फ्लूटेड पॅनलबद्दल थोडक्यात, आता ते सगळ्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, सलूनमध्ये, दवाखान्यात आहे, म्हणून मला त्यात लक्झरी वाटत नाही. पीव्हीसी किंवा चारकोल पॅनल तर भाड्याच्या घराला ठीक. प्रत्येक खाचेत धूळ बसते आणि घोडबंदरला धुळीची काय स्थिती आहे तुम्हाला माहीतच आहे. लाकूड हवंच असेल तर चांगला नॅचरल व्हेनियर सपाट लावा, शीट एकाच फ्लिचची, म्हणजे एकाच ओंडक्यातून कापलेली, क्रमाने घ्या, खाली वाळवीची ट्रीटमेंट केलेला प्लाय, वर मॅट पीयू पॉलिश. आणि बाहेरच्या भिंतीवर कुठलंही पॅनल लावायच्या आधी एक पूर्ण पावसाळा ती भिंत उघडी बघा. मागे ओल आली तर पॅनल झाकतं, भिंत आत कुजत राहते, आणि कळतं तेव्हा पॅनल, प्लाय, वायरिंग सगळंच काढावं लागतं.

मायक्रोसिमेंट. दिसतं फार सुंदर, जॉइंट नाही, लादी नाही, सगळं एकसंध. पण एकूण जाडी दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे अंगाला घट्ट बसलेल्या कपड्यासारखं खालचं सगळं वर दिसणार, खाली भेग गेली की वर भेग. पाणी ते स्वतः अडवत नाही, वरचा पीयू सीलर अडवतो, आणि तो सीलर खरवडला गेला की पाणी आत शिरून काळपट ढग दिसायला लागतात. आपल्याकडे बाथरूम रोज बादलीने आणि खराट्याने घासलं जातं, आठवड्याला कोणीतरी ॲसिड मारतं, त्यात हे सीलर फार दिवस तग धरत नाही. म्हणून मी क्लायंटला सांगतो, मायक्रोसिमेंट बेसिनच्या भिंतीला, कोरड्या बाजूला करा, शॉवरच्या आत आणि जमिनीवर पोर्सेलेन. करणाऱ्याला विचारा की जाळी टाकणार का, किती कोट, सीलरचे किती हात, मध्ये किती वेळ सुकवणार. त्याच्या आधी वॉटरप्रूफिंग करून बाथरूममध्ये पाणी भरून निदान 48 तास ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन सीलिंग बघून या. ही टेस्ट झाल्याशिवाय एकही फिनिश लावू देऊ नका.

वुडन फ्लोअरिंगमध्ये चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकतात. सॉलिड लाकूड ठाण्याच्या पावसाळ्यात फुगतं आणि मार्च-एप्रिलमध्ये आकसतं, ते नको. इंजिनियर्ड म्हणजे खाली प्लायचे थर, वर ओक किंवा सागाची खरी पट्टी, वरचा थर तीन-चार मिलिमीटरचा असेल तर पुढे एक-दोनदा घासून नवं करता येतं, हेरिंगबोनमध्ये, म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या नक्षीत, हे अप्रतिम दिसतं. लॅमिनेट म्हणजे वर छापील कागद, ओल्या फडक्याने रोज पुसलं की कडा फुगतात. एसपीसी हे दगडाची पावडर आणि प्लास्टिकचं, त्याला पाण्याचं काही होत नाही. मुलांची खोली असेल तर मी सरळ एसपीसी सुचवेन, मुलं पाणी सांडणार, खुर्ची ओढणार. लाकडाचे पैसे तुमच्या मास्टर बेडरूममध्ये इंजिनियर्ड ओकला घाला. माल आला की खोलीत दोन-तीन दिवस पडू द्या, कडेला 8 ते 10 मिलिमीटर जागा, आणि बाल्कनीच्या काचेजवळ ऊन येत असेल तर पडदा, नाहीतर गालिच्याखालचा भाग वेगळ्या रंगाचा राहतो.

तुमच्या यादीत नाही पण माझ्या मनातलं एक सुचवतो, पॅसेजला किंवा सासू-सासऱ्यांच्या खोलीला टेराझो. आपल्या आधीची पिढी मोझॅकवरच वाढली. मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज 1922 पासून सिमेंटच्या टाइल्स करतेय, दक्षिण मुंबईच्या आर्ट डेको बिल्डिंगांच्या लॉबीत जाऊन त्या काळची टेराझोची जमीन बघा, 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेला तो सगळा भाग, इतकी वर्षं लोक त्यावरून चालतायत आणि परत घासली की नवी. टेराझो जागेवर ओतून करता येतो, मध्ये पितळी पट्टी टाकायची म्हणजे भेग गेलीच तर पट्टीच्या रेषेत जाते. फक्त तो घासताना सगळ्या घरात चिखल होतो, म्हणून राहत्या घरात नको, तुमचं रिकामं आहे तोवरच. सिमेंटच्या टेराझोलाही आंबट चालत नाही, मार्बलचेच तुकडे असतात त्यात. कोकणातल्या घरांचा लाल कोबा तर अजून सुंदर, खोबरेल तेलाचा हात आणि रोजची पायांची ये-जा यानेच तो तुकतुकीत होत जातो, पण तो नीट करणारे गवंडी आता सिंधुदुर्गात, गोव्यातही शोधावे लागतात. टॉवरमध्ये मी त्याच्या भानगडीत पडणार नाही, गावी घर असेल तर मात्र जरूर करा.

देवघरामागच्या ऑनिक्सबद्दल एवढंच की दगड नाजूक आहे, मागे लाइटसाठी चार-सहा इंच पोकळी लागते नाहीतर एलईडीचे ठिपके दिसतात, आणि लाइट बिघडला की हात घालायला जागा ठेवली पाहिजे, हे ड्रॉइंगमध्ये दाखवलंय का बघा. शिवाय तोही चुन्याच्याच जातीचा, समोर निरांजन, तेल, कुंकू. खालचे दोन फूट तरी दुसऱ्या कशाचे करा.

किचनच्या ओट्याला डिझायनर क्वार्ट्झ म्हणेल, म्हणजे दगडाची पूड आणि रेझिन मिळून कारखान्यात केलेला दगड. घ्या, वापरायला सोपा आहे, पण कटिंग घरात कोरडं करू देऊ नका. त्यात सिलिका प्रचंड असते आणि ती धूळ कापणाऱ्याच्या फुप्फुसात कायमची बसते. कामगारांना सिलिकोसिस व्हायला लागला म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून हा माल वापरायलाच बंदी केली. आपल्याकडे पोरं तोंडाला रुमाल बांधून कटर चालवतात. फॅक्टरीत मापाने पाण्याखाली कापून आणा, आणि साइटवर थोडं काही करावंच लागलं तर पाणी सोडून आणि मास्क घालून, हे कॉन्ट्रॅक्टरच्या कागदात लिहून घ्या. दगड, टाइल, टेराझो सगळ्यालाच हे लागू आहे.

काम देताना प्रत्येक फिनिशचा तीन बाय तीन फुटांचा नमुना तुमच्याच घरात, तुमच्याच भिंतीवर करून घ्या, शोरूमच्या लाइटमध्ये नाही. सकाळी बघा, संध्याकाळी बघा, त्यावर हळद, तेल, लिंबू टाकून रात्रभर ठेवा. नमुना करणारी टीमच पुढे काम करणार हे लिहून घ्या, कारण बऱ्याचदा नमुना उस्ताद करतो आणि काम त्याची नवी पोरं. कोटेशन ‘बेस तयारी, लावणी, पॉलिश, सीलर सगळं धरून’ असं मागा, नाहीतर सुरुवातीचा भाव कमी दिसतो आणि एक्स्ट्रामध्ये वसूल होतो. दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. उरलेल्या स्लॅबचे तुकडे, दोन बॉक्स टाइल्स आणि चुन्याच्या रंगाची पूड माळ्यावर ठेवा, तोच लॉट परत मिळत नाही.

तर तुमच्या घरापुरतं माझं उत्तर असं: हॉल-पॅसेज-डायनिंग सलग मॅट पोर्सेलेन, मार्बलची हौस असेल तर तो मुख्य दारातल्या फॉयरमध्ये होन्ड, हॉलची एक भिंत खऱ्या चुन्याची, मास्टरला ओक, मुलांना एसपीसी, बाथरूमला आर10-आर11 आणि फक्त बेसिनमागे मायक्रोसिमेंट. यात जे पैसे वाचतील ते वॉटरप्रूफिंग आणि कारागिरांवर घाला. ऑर्डर देण्याआधी मला तीन गोष्टी कळवा: सर्व्हिस लिफ्टचं आतलं माप, पावसाचा मारा कुठल्या भिंतीवर येतो, आणि बिल्डरने आत जिप्सम केलंय की सिमेंट प्लास्टर. स्विचबोर्डची एक प्लेट काढून आतली कड बघितली की कळतं, जिप्सम पांढरं आणि नखाने उकरतं, सिमेंट करडं आणि नखाला दाद देत नाही. फक्त आधी मेन स्विच बंद करा.